पार्कातली जुनी नाणी, जुलैतली पिवळी वर्तुळं आणि वाफसा: एक पूर्ण केस

आधी केस थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीतलं आमचं गाव, गावाच्या मधोमध एक जुनं पार्क, आणि तिथं मेटल डिटेक्टर फिरवून जुनी नाणी शोधायची मला मिळालेली लेखी परवानगी. परवानगी मिळाली एप्रिल २०२२ मध्ये आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ती थांबवली गेली, कारण लॉनवर जागोजागी बशीएवढी पिवळी वर्तुळं दिसायला लागली होती आणि ती माझ्या हातची होती. आपल्याकडचे बरेच जण इथं हा छंद करायला लागलेत, मला विचारतात मशीन कुठलं घेऊ, आणि दर वेळी वाटतं की मशीनचं नंतर बघू रे, आधी ही केस ऐक. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

परवानगीपासून सुरू करतो कारण तिथंच बरेच जण चुकतात. पार्क सार्वजनिक आहे म्हणजे कुणीही जाऊन खणावं असं नसतं, इथं प्रत्येक जमिनीचा मालक वेगळा आणि नियम वेगळा. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या जागेत डिटेक्टर चालवणं सोडाच, जोडलेला डिटेक्टर जवळ बाळगणंही नियमाविरुद्ध आहे, त्यामुळे मॉरिसटाउनला जिथं वॉशिंग्टनच्या सैन्याने १७७९-८० चा भयंकर हिवाळा काढला तिथं जाऊन बटणं शोधू असं कुणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. केंद्र सरकारच्या जमिनीवर १९७९ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढली तर दंड आहे, कैदही आहे. गावच्या पार्काचं मात्र गाव ठरवतं, काही ठिकाणी सरळ नाही म्हणतात, काही ठिकाणी परमिट देतात. मी टाउनशिपच्या ऑफिसात जाऊन विचारलं, तिथल्या पार्क विभागाच्या बाईंनी एक पानाचं पत्र दिलं, त्यात खेळाची मैदानं आणि फुलांचे वाफे सोडून बाकी लॉन, हाताने वापरायचं छोटं हत्यार, आणि शेवटी एक ओळ: जमीन जशी होती तशी करून ठेवावी. ती ओळ मी वाचली आणि मान डोलावली, तिचा अर्थ मला जुलैत कळला.

पार्काचा अभ्यास मी मनापासून केला होता हे सांगायला हवं. जुन्या काळी आगीच्या विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने गावोगावचे नकाशे काढलेत, त्यातले खूपसे लायब्ररी ऑफ काँग्रेसने ऑनलाइन ठेवलेत, त्यात आमच्या पार्कात आज जिथं नुसतं गवत आहे तिथं बँडस्टँड दाखवलाय. शिवाय न्यू जर्सीची १९३० सालची विमानातून काढलेली छायाचित्रं बघायला मिळतात, त्यात पार्कातल्या पायवाटा आजच्यापेक्षा वेगळ्या दिसतात. लोक कुठं बसत असतील, पोरं कुठं लोळत असतील, आइस्क्रीमवाला कुठं उभा राहत असेल याचा अंदाज बांधायचा, कारण नाणं पडतं ते खिशातून, आणि खिशातून पडतं ते माणूस गवतावर बसला की. पडलेलं नाणं हळूहळू खाली जातं, त्याचं बरंचसं श्रेय गांडुळांना, ती खालची माती वर आणून टाकतात आणि वरच्या वस्तू गाडल्या जातात, डार्विनने १८८१ मध्ये यावर पुस्तकच लिहिलंय.

मशीनचं काम समजलं तर पुढची चूक समजेल म्हणून थोडं सांगतो. मशीनच्या टोकाची गोल तबकडी, म्हणजे कॉईल, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, खाली धातू असेल तर त्यात भोवरी प्रवाह तयार होतात, त्यांचं उलटं क्षेत्र कॉईलला जाणवतं, आणि ते किती उशिरा येतं यावरून मशीन धातूच्या वाहकतेचा आकडा दाखवतं. चांदी सगळ्यात चांगली वाहक, तिचा आकडा वर आणि आवाज उंच, लोखंडाचा खाली. अडचण मधल्या आकड्यांची. निकेल म्हणतात ते पाच सेंटचं नाणं, सोन्याची अंगठी, चॉकलेटचा चुरगळलेला वर्ख आणि जुन्या डब्यांची ओढून काढायची ॲल्युमिनियमची कडी, हे सगळं एकाच पट्ट्यात वाजतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या कड्यांचे डबे आले, सत्तरच्या दशकाच्या मध्यात डब्यालाच चिकटून राहणारी पट्टी आली, तोवर दहाबारा वर्षं लोक कडी ओढायचे आणि तिथंच गवतात टाकायचे. आमच्या पार्कात त्या कड्यांचा नुसता सडा पडलाय.

एप्रिलअखेरची एक सकाळ. आदल्या रात्री पाऊस झाला होता, बँडस्टँडच्या जागेपासून वीसएक पावलांवर जुन्या ओकच्या झाडाखाली एक स्वच्छ उंच आवाज आला, कॉईल दोन्ही दिशांनी फिरवली तरी तोच आवाज, आकडा हलत नव्हता. तीन बाजूंनी गवत कापलं, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून झाकण उलटलं, पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायचा छोटा डिटेक्टर, भोकात घातला तर तो कडेला गुरगुरला. बोटाने माती जराशी ढकलली आणि तपकिरी मातीत चंद्रकोरीएवढी पांढरी कड दिसली. तांबं हिरवं होऊन निघतं, निकेल लालसर काळं होऊन निघतं, चांदी मात्र ऐंशी वर्षं मातीत राहूनही अशी निघते की काल कुणी टाकली असावी. ते मी चोळलं नाही, बाटलीतलं पाणी ओतलं फक्त, कारण मातीत वाळूचे कण असतात आणि ओलं नाणं अंगठ्याने चोळलं की बारीक चरे पडतात ते कायमचे. पंखांची टोपी घातलेला चेहरा, १९४१ साल. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं, लोक याला मर्क्युरी डाइम म्हणतात पण तो देव मर्क्युरी नाहीच, ती लिबर्टी आहे, ही नाणी १९१६ ते १९४५ निघाली. वजन अडीच ग्रॅम, त्यात नव्वद टक्के चांदी, म्हणजे तेव्हाच्या भावाने दीड-पावणेदोन डॉलरच्या आसपास. पैशासाठी हे कुणी करत नाही आणि करूही नये. पण १९४१ च्या उन्हाळ्यात किंवा त्यानंतर कधीतरी कुणाच्यातरी खिशातून घरंगळलेलं ते नाणं पुन्हा उजेडात येताना पहिला हात आपला लागतो, त्याने मला जे झालं ते मी घरी येऊन बायकोला नीट सांगूही शकलो नाही.

इथवर सगळं बरोबर होतं, आता चूक सांगतो. मे महिन्यात दोन गव्हाच्या ओंबीवाले सेंट मिळाले, १९०९ ते १९५८ च्या दरम्यानचे, मग अजून एक चांदीचं डाइम, आणि जूनमध्ये मला हाव सुटली. उंच आवाजाची जागा संपल्यासारखी वाटायला लागली म्हणून मी मधले आकडे खणायला लागलो, न जाणो अंगठी असेल, न जाणो गव्याच्या चित्राचं जुनं बफेलो निकेल असेल. एका सकाळी दहाबारा भोकं. बहुतेकांतून त्या कड्या नाहीतर वर्ख. उन्हाळा चढत होता, पाऊस थांबला होता, जमीन कडक झाल्यामुळे झाकण नीट कापलं जाईना म्हणून मी चारी बाजूंनी गोल कापून चकती सुटी करायला लागलो, जाडीही कमी, दोनअडीच इंच. भोकातली माती गवतावरच काढून ठेवायचो, ती परत भरताना अर्धी गवतात विखुरलेली राहायची. वरून पायाने दाबलं की काही दिसत नसे, मी फोटोही काढून ठेवायचो आधीचे नि नंतरचे, आणि फोटोत खरंच काही दिसत नसे! चार दिवसांनी काय होतं ते बघायला मी त्या जागी परत गेलोच नाही.

जुलैत बाईंचा फोन आला, या म्हणाल्या. त्यांच्या माणसाने गवत कापायच्या मशीनवर बसून काढलेले फोटो होते, पिवळी वर्तुळं, दोन ठिकाणी चकती ब्लेडने उचलून फेकलेली आणि मध्ये भोक उघडं, त्यात एका पळणाऱ्या माणसाचा पाय मुरगळता मुरगळता वाचला होता. बाई ओरडल्या नाहीत. परवानगी थांबवतेय म्हणाल्या, सप्टेंबरपर्यंत काय होतं बघू. मला राग आला असता तर बरं झालं असतं असं वाटलं, पण त्यांचं एकही वाक्य खोडण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षी आमचे आबा मेपासून आमच्याकडे होते. आबांची फलटणकडं शेती, सगळं आयुष्य रानात गेलेलं, इथं त्यांचा वेळ जाता जात नसे, माझ्या नाण्यांकडे ते कौतुकाने बघायचे, ओंबीवाला सेंट हातात घेऊन म्हणाले होते की ज्या देशाने पैशावर गहू काढला तो देश शेतकऱ्याचा असणार. फोन आल्याचं सांगितल्यावर ते म्हणाले चल, दाखव. भर उन्हात गेलो. आबा एका वर्तुळाशी उकिडवे बसले, दोन बोटांनी कड धरली आणि चकती तव्यावरची भाकरी उचलावी तशी अलगद उचलून हातात घेतली. उलटी केली. खाली पांढरी मुळं एका रेषेत कापलेली, सुतळीच्या टोकासारखी वाळलेली. मग भोकात बोट घातलं, ते दीड पेर आत गेलं तेव्हा मातीला टेकलं.

"ही पोकळी कशाची? माती कुठं गेली?"

"आबा, थोडी गवतात सांडते."

"मग मूळ हवेत लोंबकळतंय की. खालून ओल येणार कुठनं त्याला? आणि हे खणलंस कधी, ही माती बघ, ढेकळं नुसती. वाफसा नव्हता तेव्हा खणलंयस तू."

वाफसा. हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, आणि तीन महिने जमीन खणताना तो एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, वाफसा म्हणजे पाऊस पडून गेल्यावर चिखल संपलेला आणि ओल शिल्लक असलेली अवस्था, मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे, मूठभर माती दाबली की गोळा होतो आणि बोटाने टोचला की फुटतो. पेरणी, कोळपणी, रोप लावणं, सगळं वाफशावर. मी एप्रिलमध्ये चुकून वाफशात खणत होतो म्हणून माझी झाकणं जगली, आणि मला वाटलं आपला हात चांगला आहे.

घरी येऊन मी वहीतल्या नोंदी घेऊन बसलो, कारण प्रत्येक भोकाची तारीख, जागा, खोली आणि काय निघालं हे मी लिहीत होतो, ही एक गोष्ट मी बरोबर केली होती. दुसऱ्या दिवशी वही घेऊन पार्कभर फिरलो आणि प्रत्येक जागेपुढे गवत जिवंत की मेलेलं ते लिहिलं. एप्रिल-मेची जवळजवळ सगळी जिवंत, काही तर सापडेनात. जूनच्या मध्यानंतरची बहुतेक मेलेली. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की मेलेल्यांपैकी बहुतेक भोकांसमोर वहीत लिहिलं होतं: कडी, कडी, वर्ख, कडी.

इथलं गवत म्हणजे केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू वगैरे थंड हवामानाची जात. त्यांची मुळं वाढतात वसंतात आणि पानगळीच्या मोसमात, भर उन्हाळ्यात जुनी मुळं मरतात, उरलेली उथळ होतात आणि पाणी नसेल तर गवत झोपी जातं. झोपलेल्या गवताची मुळं कापली तर ती भरून काढायची ताकद त्याच्यात नसते. त्यात २०२२ चा उन्हाळा कोरडा, ऑगस्टमध्ये राज्याने ड्रॉट वॉच, म्हणजे दुष्काळाचा इशारा, जाहीर करून लोकांना पाणी जपून वापरायला सांगितलं. म्हणजे मी सगळ्यात वाईट वर्षी सगळ्यात वाईट महिन्यात सगळ्यात पातळ चकत्या कापल्या.

दुरुस्ती आबांनी सांगितली तशी केली, बाईंना आधी ईमेल टाकून विचारलं आणि त्या हो म्हणाल्या. प्रत्येक मेलेली चकती उचलायची, खालची माती खुरप्याच्या टोकाने भुसभुशीत करायची, पोकळी नवीन मातीने भरून दाबायची, आणि ऑगस्टच्या शेवटी गवताचं बी टाकायचं, कारण या भागात लॉनचं बी धरतं ते ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात, रात्री गार व्हायला लागल्या की. पाणी जपून वापरायचं होतं म्हणून आबांनी घरी बादली ठेवली, तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी त्यात, ते दुधाच्या रिकाम्या गॅलनच्या कॅनमध्ये भरून संध्याकाळी दोघं घेऊन जायचो. एका जागेला अर्धा लिटर, पण हळू ओतायचं, एकदम ओतलं की बी वाहून जातं. येणारे जाणारे विचारायचे काय करताय, आबा हाताने दाखवायचे, त्यांना इंग्रजी येत नाही पण रोपाला पाणी घालणारा म्हातारा माणूस सगळ्या जगाला कळतो. सप्टेंबरच्या मध्याला हिरवी सुईसारखी पाती दिसायला लागली.

आणि तेव्हाच एक भलतंच झालं, पार्काच्या उत्तरेकडच्या उतारावर एका रात्रीत वीसपंचवीस नवी भोकं. बाईंचा फोन, आवाज या वेळी कडक. मी म्हटलं मी मशीन जुलैपासून बाहेर काढलेलं नाही, या, आपण दोघं बघू. तिथं जाऊन बघितलं तर भोकं नरसाळ्यासारखी, वर रुंद खाली अरुंद, दोनतीन इंच खोल, कापलेली कड कुठंही नाही, गवत फाडून बाजूला फेकलेलं आणि मातीत पांढरट वाकड्या अळ्या. जपानी भुंग्याच्या हुमण्या. हा भुंगा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो आमच्याच राज्यात, रिव्हरटनजवळच्या एका नर्सरीत १९१६ मध्ये, आणि उन्हाळाअखेर त्याच्या अळ्या खायला स्कंक नावाचे प्राणी रात्री येऊन लॉन उकरतात. आबांनी हुमणी लगेच ओळखली, उसाला लागणारी त्यांच्या माहितीची. बाईंना वहीतल्या नोंदी आणि माझ्या जुन्या भोकांचे फोटो शेजारी ठेवून दाखवले, फरक कुणालाही दिसण्यासारखा होता. वही नसती तर माझ्या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा, माझ्या आधीच्या भोकांनी तो घालवलाच होता. छंद करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, नोंद ठेवा, कचरा निघाला तरी ठेवा.

ऑक्टोबरात परवानगी परत मिळाली आणि या वेळी अटी मी स्वतः लिहून नेल्या होत्या, त्यांनी दोन बदलल्या. १५ जून ते १५ सप्टेंबर खणणं पूर्ण बंद. बाकी महिन्यांतही आधी मूठभर माती दाबून बघायची, गोळा होत नसेल तर मशीन गाडीत. झाकण तीन बाजूंनी कापायचं, बिजागरी ठेवायचीच, जाडी चार इंच तरी, म्हणजे मुळांबरोबर त्यांची माती पण उचलली जाते. माती टॉवेलवर काढायची, गवतावर एक चिमूटही नाही, आणि झाकण बसवायच्या आधी सगळी भोकात परत. पाय देऊन दाबायचं, पोकळी राहता कामा नये. वर अर्धी बाटली पाणी, जे मी आता पिण्याच्या पाण्याबरोबर वेगळं नेतो. दोन इंचांच्या आतलं नाणं असेल तर भोक पाडायचंच नाही, बोथट केलेल्या स्क्रूड्रायव्हरने चीर पाडून ते वर ढकलायचं. मधले आकडे फक्त एप्रिल आणि ऑक्टोबरात. आणि आठवड्याने परत जाऊन प्रत्येक जागा बघायची, ही अट बाईंनी घातली आणि तीच सगळ्यात शहाणी आहे.

आबा नोव्हेंबरात परत गेले. जायच्या आधी म्हणाले हे मशीन गावाकडं आणशील का, गढीपाशी पावसानंतर पोरांना शिवराया सापडतात. मी नाही म्हणालो. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं, न कळवता ठेवली तर कैद होऊ शकते, आणि संरक्षित किल्ल्यांवर तर परवानगीशिवाय खणायचा प्रश्नच नाही. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाखालच्या शेतांत मुघलांची सोन्याची नाणी आहेत अशा अफवेने लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन खणत सुटले ते व्हिडिओ बघितले तेव्हा मला आधी ते रान दिसलं, कुणाच्यातरी मालकीचं, उलथंपालथं केलेलं. नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं ही माहिती एकदा हलवली की परत मिळत नाही. इथं मॉनमथच्या रणांगणावर, जिथं २८ जून १७७८ ला लढाई झाली, तिथं हेच मशीन पुरातत्त्ववाले आणि स्वयंसेवक वापरतात, पण प्रत्येक शिशाच्या गोळीची जागा नकाशावर टाकून, आणि त्यावरून कुठली तुकडी कुठं उभी होती ते सांगतात. पार्कातल्या डाइमची तेवढी मातब्बरी नाही हे मला माहीत आहे, तरी मी आता जागा पावलं मोजून लिहितो.

ओकच्या दक्षिण बाजूला, दोन जाड मुळांच्या बेचक्यात, एक सिग्नल आहे. उंच, गोल, दोन्ही दिशांनी सारखा, मशीन म्हणतं सहा इंच. तिथं झाकण कापायला जागाच नाही, कापलं तर मूळ कापलं जाणार. वहीत त्याच्यापुढे तारीख आहे, ओकपासूनचं अंतर आहे, आणि "काय निघालं" हा रकाना मोकळा आहे. दर वसंतात मी एकदा कॉईल त्यावरून नेतो, आवाज ऐकतो आणि पुढे जातो.